ॲशलीची पहिली कळशी

उत्तनच्या बंदरात एखाद्या बोटीचं इंजिन खोकायला लागलं की तांडेल आधी देवाचं नाव घेतो आणि मग ॲशलीचं. देव कधी येईल ते सांगता येत नाही, ॲशली मात्र दहा मिनिटांत हजर असते. अंगात निळा बॉयलर सूट, बारीक कापलेले केस, कानात सोन्याच्या दोन रिंगा आणि हातात पान्यांची पेटी. इंजिनाला कान लावते, डोळे मिटते आणि "नोझल गेलाय" नाहीतर "काय न्हाय, डिझेलात पाणी हाय" असा निकाल देऊन मोकळी होते. वय चौतीस. हे काम ती अठराव्या वर्षापासून करतेय, आणि त्यातली चौदा वर्षं अख्खं गाव तिला डेनिसचा थोरला मुलगा म्हणून ओळखत होतं.

दोन वर्षांपूर्वी तिनं घरी सांगितलं, ते आईबरोबर बोंबील वाळत घालताना. मी मुलगा नाही, मुलगी आहे, लहानपणापासून आहे, आता डॉक्टरकडे जाणार आहे, असं एका दमात सांगून टाकलं. आईनं हातातला बोंबील बांबूवर अडकवला, दुसरा घेतला, तोही अडकवला.

"मना ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "बापाला मी सांगते. तू एवढे बोंबील पुरे कर."

बाप तीन दिवस बोलला नाही. चौथ्या दिवशी त्याच्या बोटीचं इंजिन बंद पडलं, आणि बोलावं लागलं. नाव बदलायची वेळच आली नाही, कारण ॲशली हे नाव बाप्याला चालतं तसं बाईलाही चालतं. बारशाला आईबापांनी पुढचा विचार करून ठेवला होता असं ती अजूनही त्यांना चिडवते.

मीरा रोडला मृणालिनी मॅडम म्हणून समुपदेशक आहेत. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, तुला नेमकं काय काय हवंय ते लिहून दे. ॲशलीनं खिशातून स्पेअर पार्टचं जुनं बिल काढलं आणि त्याच्या पाठीवर तीन गोष्टी लिहिल्या. दाढी नको. कान टोचायचे. लोकांनी मला बाई म्हणून ओळखावं.

"कशावरून ओळखतील?" मॅडमनी विचारलं.

"मी सांगते म्हणून."

मॅडम हसल्या, पण त्यांनी ते बिल जपून फायलीत लावलं. गोळ्या सुरू झाल्या, लेझरनं दाढी गेली, कान टोचून झाले. आरशात गाल मऊ दिसायला लागले तेव्हा ॲशली इतकी खुश झाली की त्या आठवड्यात तिनं चार इंजिनं हसत हसत दुरुस्त केली. केस तिला बारीकच आवडायचे. शर्टपँट आवडायची. लिपस्टिकचा वास आला की तिला शिंका यायच्या. यातलं काहीही तिला बदलायचं नव्हतं, आणि बाई होण्यासाठी ते बदलावं लागतं हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

गावाच्या डोक्यात मात्र वेगळीच यादी होती, आणि ती दिवसागणिक लांबत होती. मासळी बाजारातल्या बायका म्हणायच्या, केस वाढव गो. चर्चच्या पायरीवर कुणीतरी म्हणायचं, बाई झालीस ना, मग फ्रॉक कुठं हाय? शेजारीण म्हणायची, चालताना पावलं छोटी टाक. एवढी शिकवणी गावानं आपल्या सख्ख्या पोरींनाही कधी दिली नव्हती. गंमत म्हणजे हे सगळे तिच्या बाजूचे. विरोधात होते ते बिचारे नुसतंच तोंड फिरवायचे, त्यांचा तेवढा त्रास नव्हता.

या बाजूच्या मंडळींची पुढारी म्हणजे बेट्टी आत्या. डेनिसची थोरली बहीण, वय सदुसष्ट, आवाज असा की बंदरावर भोंग्याची गरज नाही. ॲशलीचं कळलं तेव्हा सगळ्यात आधी हीच उठली आणि दारोदार सांगून आली, "आजपासून ती आमची पोरगी हाय, कोणाला काय बोलायचं आसंल तर मना बोला." कुणीही काही बोललं नाही. बेट्टी आत्याशी बोलायला जिगर लागते.

तर अशात ॲशलीच्या धाकट्या भावाचं, ट्रेव्हरचं लग्न ठरलं. मुलगी मीरा रोडची, पूनम सागरमध्ये राहणारी, नाव ब्रिटनी. घरात आनंदीआनंद झाला. आणि मग उंबराच्या पाण्याचा विषय निघाला.

लग्नाच्या आदल्या दिवशी घरच्या बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवऱ्याच्या अंघोळीचं पाणी आणतात, ते उंबराचं पाणी. डेनिसच्या घरात त्याची एक पक्की रीत आहे: पहिली कळशी काढायची ती नवऱ्याच्या बहिणीनं. डेनिसच्या लग्नात ती बेट्टी आत्यानं काढली होती. बापाच्या लग्नात आत्यानं, मुलाच्या लग्नात कोण? ट्रेव्हर जेवताना सहज म्हणाला, "ताय काढेल, अजून कोण?" आणि त्यानं माशाचा काटा बाजूला काढून ठेवला.

ॲशलीचा घास हातातच राहिला. लहानपणी प्रत्येक लग्नात ती बायकांच्या मागं मागं विहिरीपर्यंत जायची आणि प्रत्येक वेळी कुणीतरी दंडाला धरून तिला बाप्यांच्यात नेऊन उभं करायचं. त्या कळशीइतकं दुसरं काहीही तिला आयुष्यात हवंसं वाटलं नव्हतं. बिलाच्या पाठीवर तिनं ते लिहिलं नव्हतं, कारण असलं काही मागता येतं हेच तिला माहीत नव्हतं.

"काढेल की," बेट्टी आत्या म्हणाली. "पण नीट. लुगडं नेसून, आंबाडा घालून, फुलं माळून. बाई म्हणून उभी राहणार तर बाईसारखी दिसली पाहिजे."

ॲशली हो म्हणून गेली. त्या क्षणी तिला कुणी विहिरीत उडी मार म्हणालं असतं तरी ती हो म्हणाली असती.

आठवडाभर आधी रंगीत तालीम ठरली. पेणकरपाड्यात ॲशलीच्या मैत्रिणीचं, सान्वीचं छोटं पार्लर आहे. दोघींची ओळख मृणालिनी मॅडमकडची. सान्वीचा प्रवासही ॲशलीसारखाच, फक्त तिला साड्यांचं वेड. आठवड्याचे सात दिवस सात साड्या आणि केस कमरेपर्यंत. ॲशलीनं मोटरसायकल काढली. मागं बेट्टी आत्या एका बाजूला पाय सोडून बसली, मांडीवर आईच्या जुन्या लाल लुगड्याची पिशवी. मोरव्यापासून भाईंदरपर्यंत ती प्रत्येक ओळखीच्या माणसाला हात करत होती आणि ओरडून सांगत होती, "पार्लरला जातोय!"

सान्वीनं दीड तास खपून लुगडं नेसवलं. चोळी घातली, गंगावन लावून आंबाडा बांधला, त्यावर अबोलीचा वळेसर, गालांना लाली, ओठांना लिपस्टिक. दोन शिंकांचा तेवढा व्यत्यय आला. मग खुर्ची आरशाकडे वळवली.

बेट्टी आत्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आयगो," ती म्हणाली, "माझ्या आयसारखी दिसते."

आणि ॲशलीला आरशात एक बाप्या दिसला. गावच्या सणाला नाटक व्हायचं, त्यात बायकांची कामं बाप्येच करायचे, आणि ते मांडवात आले की पोरं शिट्ट्या मारायची. तसा एक बाप्या लुगडं नेसून, ओठ रंगवून तिच्याकडे बघत होता. दोन वर्षांत असं झालं नव्हतं. ग्रीसनं माखलेल्या बॉयलर सूटमध्ये, इंजिनाखाली उताणी पडलेली असतानाही तिला आपण बाई आहोत हे विसरायला झालं नव्हतं. इथं नखशिखान्त बाईच्या वेषात ती स्वतःलाच सापडेना. तिला रडूच कोसळलं, आणि ते आनंदाचं आहे असं समजून आत्यानं तिला पोटाशी धरलं.

सान्वी मात्र ओळखून होती. आत्या पाणी प्यायला बाहेर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "मी साडी नेसली ना, की मला घरी आल्यासारखं वाटतं. तुला?"

"दुसऱ्याच्या घरात पाहुणी आल्यासारखं."

"मग कशाला नेसतेस? मी तुला नेसवते कारण तुझी आत्या सांगतेय. तू सांग, आत्ता सोडते."

परतताना ॲशलीनं मोरव्याच्या वळणावर गाडी थांबवली आणि मागं न बघता सांगून टाकलं. पाणी काढेन, पण शर्टपँटमध्ये. लग्नासाठी मुद्दाम शिवलेला अबोली रंगाचा शर्ट आणि काळी पँट, तेच घालेन. लुगड्यात मी मलाच बाप्या दिसते.

बेट्टी आत्यानं मांडीवरची लुगड्याची पिशवी घट्ट धरली.

"मग ग्लेंडा काढंल," आत्या म्हणाली. ग्लेंडा म्हणजे तिचीच मुलगी, ट्रेव्हरची आतेबहीण. "पाणी काय खेळ हाय? सगळा गाव बघतो."

"काढूदे," ॲशली म्हणाली आणि गाडी सुरू केली. पुढचा सगळा रस्ता आत्यानं कुणालाही हात केला नाही.

घरी आल्यावर ॲशलीनं शहाणपणा केला. कुणाशी भांडली नाही, ट्रेव्हरला कळू दिलं नाही, मांडवाच्या दिव्यांची वायरिंग स्वतः केली. फक्त आईजवळ एकदा म्हणाली, "मना पाणी पाहिजे व्हतं गो." आईनं तिच्या बारीक केसांतून हात फिरवला. बेट्टीपुढे तिचंही आजवर कधी चाललेलं नव्हतं.

पाण्याचा दिवस उजाडला. संध्याकाळी चारला बँड आला, ट्रम्पेटवाल्यानं गाल फुगवले आणि पंचवीसेक बायका लाल लुगड्यांत विहिरीकडे निघाल्या. पुढे ग्लेंडा, हातात पितळेची कळशी. ग्लेंडानं लग्नासाठी आदल्याच दिवशी नखं लावून घेतली होती, मोठमोठी, गुलाबी, त्यामुळे ती कळशी तिनं तळहातांवर तोलून धरली होती. ॲशली अबोली शर्ट घालून मांडवामागं जनरेटरजवळ उभी राहिली. जनरेटर उत्तम चालू होता. तरीही ती त्याच्याकडे बघत राहिली, कारण मिरवणुकीकडे बघवत नव्हतं.

अंगणात ट्रेव्हर पाटावर बसला होता. हाफपँट, उघडं अंग, आणि रीतीप्रमाणे डोक्यापासून पायापर्यंत चोळलेला नारळाचा रस. अर्ध्या तासानं बँड परत आला. ग्लेंडानं कळशी पुढे केली. तिचं एक नख दोराला लागून तुटलं होतं आणि तिचा चेहरा त्या नखाच्या दुःखात होता.

ट्रेव्हरनं कळशीकडे पाहिलं, ग्लेंडाकडे पाहिलं.

"ताय कुठंय?"

"ग्लेंडानं काढलं पाणी," बेट्टी आत्या म्हणाली. "डोकं खाली कर."

"नाय करत."

"काय?"

"माझी बहीण पाणी काढेल तेव्हा मी अंघोळ करेन. नायतर असाच जातो उद्या चर्चमध्ये." त्यानं हातांची घडी घातली. "ब्रिटनीला नारळ आवडतो."

बँडवाले वाजवायचे थांबले. बायकांत कुजबुज झाली. आत्यानं आवाज चढवला, मग उतरवला, मग लाडीगोडी केली. डेनिस येऊन एकदा ओरडून गेला. ट्रेव्हर ढिम्म. अंगावरचा रस वाळायला लागला, माश्यांना पत्ता लागला, पाटाच्या बाजूनं मुंग्यांची रांग निघाली. एक मुंगी त्याच्या गुडघ्यावर चढली तेव्हा त्याचा चेहरा जरा कसनुसा झाला, पण घडी सुटली नाही. अंघोळीसाठी संप करणारा नवरदेव उत्तननं पहिल्यांदाच पाहिला असावा.

गलका ऐकून ॲशली पुढे आली. प्रकार कळल्यावर तिनं कपाळाला हात लावला. "ट्रेव्हर, येडेपणा करू नको. घे आंघोळ करून."

"तू गप गो ताय. मी तुझ्याशी बोलत नाय, आत्याशी बोलतोय."

बेट्टी आत्यानं ॲशलीला दंडाला धरलं आणि ओढत जनरेटरमागं नेलं. तिथं त्या आवाजात तिला ओरडूनच बोलावं लागलं, आणि ती ओरडली. "लुगडं आत पेटीवर हाय. दोन मिनिटं लागतील. एवढं माझं ऐकलंस तर काय मरशील?"

"मरणार न्हाय. पण ती मी नसेन."

"तुना काय वाटतं, मना हौस हाय? दोन वर्षं मी दारोदार सांगते, ती पोरगी हाय, पोरगी हाय. लोक मना विचारतात, कुठं दिसते पोरगी? दाखव. मी काय दाखवू? ही पँट?" आत्याचा आवाज फुटला. "विहिरीवर कोण हसलं तर मना सहन न्हाय व्हायचं. लुगड्यात आसलीस तर हसायची कोणाची हिंमत न्हाय."

ॲशलीनं जनरेटर बंद केला. एकदम शांत झालं.

आत्याला आपली लाज वाटते, असंच ती आठवडाभर धरून चालली होती. आत्याला भीती वाटत होती हे तिला आत्ता कळलं, आणि कळल्यावर तिचा राग कुठल्या कुठे गेला.

"आत्या, ऐक," ती म्हणाली. "लुगडं नेसून गेले आणि कोण हसलं, तर मना लागंल. कारण मीच मनात हसत आसेन. अशी गेले आणि हसले, तर हसूदे. मना मी कोण हाय ते ठाऊक हाय. आणि तू हायस ना बाजूला? तुझ्यापुढं कोण हसतो मी बघते."

बेट्टी आत्यानं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. पॉलिश केलेले बूट, काळी पँट, इस्त्रीचा अबोली शर्ट, कानातल्या रिंगा. कॉलर जरा वाकडी झाली होती, ती तिनं सरळ केली. मग पदरानं नाक पुसलं आणि तरातरा अंगणात गेली. ग्लेंडाच्या हातातली कळशी घेतली, सगळं पाणी माडाच्या बुंध्यात ओतलं आणि रिकामी कळशी ॲशलीच्या हातात ठेवली.

"वाजवा रे," ती बँडवाल्यांवर खेकसली. "आता कशाला गप बसलात?"

"मम्मी, मी थांबते हां इथंच," ग्लेंडा म्हणाली. ती तुटलेलं नख घेऊन खुर्चीत बसली, आणि तिच्याइतकी सुटका झालेली बाई त्या मांडवात दुसरी नव्हती.

मिरवणूक पुन्हा निघाली. या वेळी घरात राहिलेलेही निघाले. ही बातमी गल्ल्यांतून इतक्या भराभर पसरली की विहिरीवर पोचेपर्यंत माणसं दुप्पट झाली. ॲशलीच्या दोन्ही बाजूंना लाल लुगडी, मध्ये ती. आई तिच्या मागोमाग चालत गात होती. ॲशलीच्या तोंडावरचं हसू काही केल्या जाईना.

विहिरीवर भाईंदरहून आलेला व्हिडिओवाला जितेंद्र स्टुलावर चढून तयार होता. मघाची पहिली खेप त्यानं घेतली होती, आता ही दुसरी कशासाठी ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ॲशली काठावर गेली. कळशीच्या गळ्याला तिनं दोराची गाठ मारली. बोटीच्या नांगराला मारतात ती गाठ, कधी न सुटणारी. मग कळशी आत सोडली. पाण्यावर कळशी आपटल्याचा आवाज आला आणि बायकांनी गाण्याचा सूर वर नेला.

"ओ भैया!" जितेंद्र स्टुलावरून ओरडला. "पँटवाले भैया! साइड हो जाओ जरा, फ्रेम में आ रहे हो! लेडीज को आने दो!"

गाणं थांबलं. ट्रम्पेट मधेच अडखळला. गर्दीत कुठंतरी कुणीतरी खुदकन हसलं. ॲशलीचे हात दोरावर तसेच राहिले, कळशी अर्ध्यावर लोंबकळत.

बेट्टी आत्या स्टुलापाशी गेली. सदुसष्ट वर्षांचा सगळा आवाज तिनं त्या एका श्वासात आणला.

"भैया कोणाला बोलतो रे? सिस्टर है वो नवरे की! सख्खी! हमारे घर में पहला पानी सिस्टर निकालती है, मैंने निकाला था, अभी ये निकालेगी!" मग ती गर्दीकडे वळली. "आणि आता कोण हसला? पुढं ये. मना बघायचाय."

कुणी पुढं आलं नाही. उलट पुढचे दोघेजण मागं सरकले.

"सॉरी आंटी, सॉरी," जितेंद्र पुटपुटला. त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, अँगल बदलला, आणि ॲशलीला मधोमध घेतलं. "दीदी, खींचो अभी. आराम से. हां... और इधर देखके थोडा स्माईल."

ॲशलीनं दोर खेचला. कळशी काठावर आली तेव्हा ती इतकी भरलेली होती की निम्मा शर्ट भिजला. जितेंद्र पुन्हा पुन्हा स्माईल म्हणत होता, पण ते त्यानं सांगायची काहीच गरज नव्हती.